शेततळ्यातला गवत्या गळाला लावताना

निफाड तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या वरच्या अंगाला शेततळं. तळाला आणि चारी उतारांना पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याने ते भरून घ्यायचं आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळाभर ठिबकने बागेला पुरवायचं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यानंतर आमच्या भागात अशी तळी बरीच झाली. पाणी आठ-नऊ महिने नुसतंच उभं असतं, तर त्यात मासे का नकोत, असा विचार बऱ्याच जणांनी केला. मामांनीही कटला, रोहू आणि मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडली आणि त्यांच्याबरोबर थोडे गवत्ये.

गवत्या म्हणजे ग्रास कार्प. बाकीचे मासे विक्रीसाठी ओढजाळ्याने निघाले, हा काही निघाला नाही. जाळं आवळत काठाशी आलं की गवत्या जाळ्यावरून सरळ उडी मारून पलीकडे जातो. पुन्हा पुन्हा जाळं ओढायचं तर त्याच्या शिशाच्या गोळ्यांनी कागद घासतो, फाटला तर अख्ख्या हंगामाचं पाणी जमिनीत जातं. तळं रिकामं करणं बागेमुळे शक्यच नव्हतं. तेव्हा मामांचा फोन आला, “तुझ्याकडं गळकाठ्या पडल्यात ना? मग ये आन् हे गवत्ये तूच काढ. निवांत काढ, पण कागदाला धक्का लागता कामा नये.”

मी तोवर धरणाच्या बॅकवॉटरला रोहू आणि सिप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) मागे लागणारा माणूस. तिथलं तंत्र ठरलेलं: शिसं लावून गळ तळाला बसवायचा, भोवती पेंडीचा चारा टाकायचा आणि काठीच्या शेंड्यावरची घंटी वाजायची वाट बघायची. मामांच्या तळ्यावर यातलं काहीच चालणार नव्हतं. शिसं वर्ज्य, तळाला गळ टेकवणं वर्ज्य. जे काही करायचं ते पाण्याच्या वरच्या हातभर थरात. आणि मासा असा, की ज्याला पेंडीत फारसा रस नाही.

गवत्याची घडणच वेगळी आहे. त्याच्या तोंडात दात नसतात, घशात असतात. फणीसारखे खाचा असलेले हे दात गवताचं पातं कापतात आणि रगडतात. आतडं मात्र पाला खाणाऱ्या प्राण्याच्या मानाने आखूड, त्यामुळे खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच पचतं. उरलेलं हिरव्या विष्ठेतून पाण्यात जातं, त्यावर प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं आणि ते कटला-रोहूच्या कामी येतं. म्हणून तर मत्स्यशेतीत त्याला जागा मिळाली. पोट भरायला त्याला सतत खावं लागतं. पाणी उबदार असेल तर तरणा गवत्या दिवसाला स्वतःच्या वजनाच्या आसपास ओला चारा संपवू शकतो. गळ टाकणाऱ्याने ही गोष्ट कायम लक्षात ठेवायची: हा मासा जवळजवळ दिवसभर भुकेला असतो, तरीही तो गळाला येत नाही याचं कारण भूक नसून संशय असतो.

हा मूळचा आमूर नदीपासून दक्षिण चीनपर्यंतच्या मोठ्या नद्यांमधला. भारतात तो १९५९ मध्ये हाँगकाँगहून ओडिशातल्या कटकला आणला गेला. त्याच ओडिशात १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन यशस्वी करून दाखवलं होतं. त्याच पद्धतीने १९६२ मध्ये गवत्याचंही बीज आपल्याकडे तयार झालं. त्याच्या अंड्यांना तरंगत राहायला लांबवर वाहतं पाणी लागतं, त्यामुळे साठलेल्या तळ्यात तो वाढतो पण वंश वाढवत नाही. मामांच्या तळ्यात जेवढे सोडले त्यापेक्षा एकही जास्त असणार नव्हता, आणि जे राहिले होते ते जाळं बघून शहाणे झालेले.

पहिल्या काही फेऱ्यांत मी हाताशी असलेली सगळी आमिषं लावून पाहिली. कणकेत शेंगदाणा पेंड आणि गूळ मळून केलेली गोळी पाण्यात पडली की रोहू लागायचे, तेही बोटुकलीहून थोडे मोठे. गांडुळाला मृगळ यायचे. पावाच्या कडेचा तुकडा तरंगत सोडला की कटल्याची पिल्लं टोचून टोचून त्याचा भुगा करायची. गवत्ये या सगळ्यापासून दोन हात लांब, तळ्याच्या मधोमध, पाठी काळपट दिसतील एवढ्याच वर. त्यांच्या मोठ्या खवल्यांना गडद कडा असते, त्यामुळे वरून बघताना अंगावर जाळी काढल्यासारखी दिसते आणि बाकीच्या माशांत ते चटकन ओळखू येतात.

मग मी काठी बाजूला ठेवली आणि मामा त्यांना खायला कसं घालतात ते बघत बसलो. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. कागद अंथरलेल्या तळ्यात तळाला काही उगवत नाही, म्हणजे गवत्याला जे मिळतं ते माणसाने टाकलेलंच. मामांनी पीव्हीसी पाइपचा एक चौकोन करून तळ्यात तरंगत ठेवला होता, दोरीने काठाला बांधून. त्यात लसूणघास टाकायचा, कधी मक्याची कोवळी पानं, कधी बांधावरची घोळ. चौकोनामुळे चारा वाऱ्याने तळंभर पसरत नाही आणि उरलेला कुजण्याआधी काढून घेता येतो. एक पथ्य मामा फार कडक पाळतात: बागेतलं गवत कधीही टाकायचं नाही. द्राक्षावर फवारण्या होतात, त्या गवतावर उतरतात आणि पाण्यात ते विष माशाला बाधतं. घास वेगळ्या वाफ्यातला, तोही दुभत्या गायीला घालतात तोच.

चारा टाकून मामा निघून गेले की काही वेळ पाणी स्तब्ध असायचं. मग चौकोनाच्या कडेचं एखादं पातं हलायचं. गवत्या वर येऊन झडप घालत नाही. तो खालून येतो, लोंबणारं टोक ओठांत धरतो आणि शेवई ओढावी तसं पातं आत ओढत जातो. जाड देठ आला की थांबतो, डोकं हलवतो, तोडतो, नाहीतर सोडून देतो. घासाचे शेंडे आधी जायचे, देठ शेवटी. मक्याच्या बाहेरच्या करकरीत पानाकडे तो बघायचाही नाही, पोंग्यातलं पिवळसर हिरवं पान मात्र लगेच गायब. काठावर कुणी उभं राहिलं की सगळं बंद. पांढरा सदरा घातलेला माणूस तळ्याच्या पलीकडून चालत गेला तरी चौकोन रिकामा व्हायचा. पावलांची धमक त्यांना कागदावरूनही कळते, त्यामुळे बांधावर चप्पल काढून चालायची सवय मी लावून घेतली.

यानंतर मामांना एवढीच विनंती केली, की चारा रोज एकाच वेळी आणि चौकोनाच्या एकाच कोपऱ्यात टाकायचा. वेळ दुपारी जेवणानंतरची ठरली. दिवस थंडीचे होते आणि निफाडची थंडी ऐकून सगळ्यांना माहीत आहे; राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून पेपरात आमच्याच तालुक्याचं नाव येतं. अशा सकाळी गवत्या खालच्या थरात जवळपास निपचित असतो. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो मनापासून खातो, त्यापेक्षा थंड होत गेलं की त्याची भूक मंदावते. कोवळं ऊन घेत सकाळी लवकर गळ टाकण्यात कितीही मजा असली तरी डिसेंबर-जानेवारीत गवत्यासाठी खरी वेळ दुपारी एक ते चार. मार्चनंतर उलट: सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर.

सामानाचं सांगायचं तर काठी मऊ शेंड्याची हवी. ताठ काठीने या माशाचा ओठ फाटतो. रिळावर ०.३५ मिमीचं पारदर्शक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. विणलेली दोरी मजबूत असते पण पाण्यावर तिची रेघ ठळक दिसते, ती इथे नको. गळ सहा नंबरचा, आखूड दांडीचा आणि जाड तारेचा. त्याचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी नखी, पकडीने दाबून सपाट केलेली. यामुळे गळ सहज निघतो, मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते, आणि चुकून कागदाला लागलाच तरी अडकून कागद ओढत नाही. फ्लोटच्या जागी मटारच्या दाण्याएवढा थर्माकोलचा मणी, गळापासून दीड-दोन हातांवर. तो मुख्यतः मासा लागल्याची खूण म्हणून नसतो. तंगूस कुठे आहे ते आपल्याला कळावं यासाठी असतो.

आमिष म्हणजे अर्थात तेच, जे चौकोनात पडतं. लसूणघासाचे चार-पाच कोवळे शेंडे घ्यायचे. गळाच्या दांडीला समांतर धरायचे, म्हणजे पानांची टोकं गळाच्या वाकापुढे दोन बोटं लोंबतील. मग ओल्या सुती दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन आवळायचे. दोरा ओला असला की घसरत नाही आणि पान कापलं जात नाही. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे, ते पाल्यात बुडवलं तर मासा पाला चोखून घेतो आणि गळ टोचतच नाही. जुडी जाड करायची नाही. मोठं आमिष मोठ्या माशाला, हा हिशेब इथे चालत नाही, कारण गवत्याचं तोंड अंगाच्या मानाने लहान असतं. हात धुऊन मगच जुडी बांधायची. तंबाखू मळलेल्या किंवा डिझेलच्या हाताने बांधलेली जुडी ते हुंगून सोडून देतात, असा माझा अनुभव आहे.

अशी जुडी चौकोनात फेकायची नाही. चारा पडायच्या आधीच ती तिथे असली पाहिजे. मी बांधाच्या मागे, उताराच्या खाली बसून तंगूस चौकोनाच्या कोपऱ्यावरून आत सोडायचो, मग मामा नेहमीसारखे येऊन नेहमीच्या कोपऱ्यात घास टाकून जायचे. गवत्यांच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसायचं.

पहिला गवत्या लागला तेव्हा जुडी आधी एक वीत सरकली, थांबली, पुन्हा सरकली. या क्षणी हात शिवशिवतो, पण झटका द्यायचा नाही. त्याच्या ओठात अजून नुसतं पानाचं टोक असतं. मणी बुडेपर्यंत थांबलो. मणी बुडाला, तंगूस एका दिशेला सरळ चालू लागलं, आणि मग फक्त काठीचा शेंडा उचलला. वजन लागलं, पण धडपड नाही. ओलं पोतं ओढावं लागावं एवढाच जोर, आणि मासा शांतपणे काठाकडे येत राहिला. मामा म्हणाले, “लहान दिसतोय.” तो काठापासून दोन हातांवर आला, त्याने हातजाळं पाहिलं आणि तिथून जी मुसंडी मारली, ती तळ्याच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत. रीळ किरकिरत मोकळं होत गेलं. ज्यांनी गवत्या पकडलाय ते सगळे हेच सांगतात: त्याची खरी झुंज काठाशी सुरू होते. म्हणून रिळाचा ब्रेक सुरुवातीपासून सैल ठेवायचा, मासा गरीब वाटतोय म्हणून आवळायचा नाही. दोन-तीन मुसंड्या होऊ द्यायच्या. हातजाळं आधीपासून पाण्यात बुडवून स्थिर धरायचं आणि मासा डोक्याच्या बाजूने त्यावर आणायचा, जाळं माशाच्या मागे पळवायचं नाही. तो गवत्या पावणेतीन किलोचा भरला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कागदाचं शेततळं हे माणसासाठी फार धोक्याचं ठिकाण आहे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, एकदा आत घसरलं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यांत दरवर्षी जीव जातात, त्यात लहान मुलं फार असतात. मासा मुसंडी मारतो तेव्हा माणूस नकळत एक पाऊल पुढे टाकतो. मामांच्या तळ्यावर आम्ही चारी बाजूंना खुंट ठोकून गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडले, एक फुगवलेली ट्यूब कायम काठावर ठेवली, आणि एकट्याने तिथे गळ टाकायचा नाही हा नियम केला. हातजाळं धरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. कुंपणाचं फाटक आम्ही असलो तरी बंदच.

एका कोपऱ्यातून दोन-तीन गवत्ये निघाले की बाकीचे घासाच्या जुडीला ओळखतात. चारा खातात, गळाची जुडी तेवढी बाजूला ठेवतात. तेव्हा मक्याचा उपयोग झाला. मक्याचे दाणे पाण्यात दोन दिवस भिजवायचे, पाण्याला आंबूस वास येऊ द्यायचा, मग दाणा फुटेपर्यंत उकडायचे. हे दाणे चौकोनात घासाबरोबर मूठभर टाकत गेलो. आधी रोहूंनी खाल्ले, पण हळूहळू गवत्येही दाणे खाली बुडत असताना टिपू लागले. अडचण अशी, की दाणा जड, तो सरळ तळाला जातो आणि तिथे मृगळ टपलेले. त्यावर उपाय म्हणून दोन दाण्यांच्या मध्ये पिवळ्या फोमचा बारीक तुकडा ओवला. फोम कात्रीने थोडा थोडा कापत अशा मापावर आणायचा, की आमिष तरंगणारही नाही आणि धपकन बुडणारही नाही, हलकेच खाली जाईल. बादलीत टाकून बघायचं. हे जमलं की तळ्यातल्या शहाण्या गवत्यांना ते दाणे मोकळ्या दाण्यांपेक्षा वेगळे वाटत नाहीत. माझे मोठे मासे जास्त करून याच आमिषावर आले आहेत.

चारा आदल्या दिवशी कमी टाकला तर दुसऱ्या दिवशी गवत्या लवकर येतो, हेही खरं. पण पूर्ण उपाशी ठेवू नये. उपाशी गवत्या पाण्यात जे असेल ते खाऊ लागतो आणि त्याची वाढ खुंटते. चांगला चारा मिळाला तर वर्षाकाठी किलो-दीड किलोचा होणारा मासा आहे हा. ढगाळ हवामान लागून राहिलं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, की गळ आणि चारा दोन्ही बंद. पाण्यात प्राणवायू कमी झालेला असतो, त्यात कुजणारा घास भर घालतो. अशा वेळी पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडायचं, मासेमारी नंतर.

मामांच्या ओढ्यावर खाली एक मातीचा बंधारा आहे. वरच्या एका शेततळ्याचं पाणी अतिवृष्टीत सांडव्यावरून गेलं तेव्हा काही गवत्ये तिथे पोहोचले. बंधाऱ्यावर उंबराचं मोठं झाड वाकलेलं आहे आणि पिकलेली फळं टपटप पाण्यात पडतात. तिथे घास किंवा मका लावायची गरजच पडत नाही. पिकलेलं पण न फुटलेलं उंबर, देठाकडून गळ आत घालून, फळ पडतं तिथेच पडू द्यायचं. आवाजही उंबर पडल्याचाच झाला पाहिजे. तंगूस मोकळं, मणीसुद्धा नको. कधी दोन फळं पडायच्या आत मासा लागतो, कधी संध्याकाळपर्यंत काही नाही. तळ मातीचा आणि पाणी फार खोल नसल्याने तिथे बसायला मला जास्त आवडतं. अशा बंधाऱ्यांचा किंवा पाझर तलावांचा मासेमारीचा ठेका पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारायचं, परवानगी घ्यायची आणि पकडलेल्या माशाचे सांगतील ते पैसे द्यायचे. बीज त्यांनी सोडलेलं असतं.

शेततळ्यातला गवत्या मात्र कुठल्याही नदीत किंवा मोठ्या तलावात नेऊन सोडायचा नाही, कितीही देखणा असला तरी. ज्या पाणवनस्पतींत आपले देशी मासे अंडी घालतात, त्यांची पिल्लं लपतात, त्याच तो साफ करतो. मामांनी सांडव्याच्या पाइपला आता बारीक जाळी बसवून घेतली आहे.

घरी नेण्याच्या माशाचं पोट काठावरच साफ करावं. ते हिरव्या चाऱ्याने गच्च असतं आणि तासभर तसंच राहिलं तर मांसाला गवताचा वास धरतो. पोटाच्या आतलं काळं पातळ अस्तर मीठ लावून घासून काढायचं. मांस पांढरं, घट्ट आणि चवीला रोहूपेक्षा सौम्य. काटे मात्र इंग्रजी वाय अक्षरासारखे, दोन फाट्यांचे, आणि मांसात मोकळे रुतलेले. मामी त्याचे जाड तुकडे करून त्यांना सुरीने बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आडवे छेद देते, हळद, मीठ आणि कोकमाचं पाणी चोळून ठेवते आणि मग काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडते. मोठ्या माशात हे काटे जाड असतात, हाताने सहज वेचता येतात. लहान माशात ते केसासारखे असतात आणि मुलांच्या घशात अडकतात. म्हणून दोन किलोच्या आतला गवत्या लागला तर तो ओल्या हाताने सोडवून परत तळ्यात टाकायचा, असं मामीने सांगून ठेवलं आहे, आणि मामांच्या तळ्यावर आता तेच वजन धरून आम्ही मासे काढतो.